शंख वाजला की पाणी चढते

सकाळची पाण्याची वेळ झाली, की वाशीतल्या शरयू सोसायटीच्या जिन्यात पाय ठेवायला जागा उरत नसे. प्रत्येक पायरीवर एक माणूस, प्रत्येक माणसापुढे एक बादली, आणि सगळ्यांचे डोळे चौथ्या मजल्याकडे. तिथे सेक्रेटरी पोतनिसांच्या मोरीसमोर पाटावर बसलेले होते श्री श्री वरुणानंद महाराज. दाढी कंबरेपर्यंत, पोट त्याच्याही पुढे.

"पाणी खाली का पळतं?" महाराज विचारायचे. "कारण त्याला वर बोलवणारा कोणी नाही! आपला वरुणराजाशी डायरेक्ट कॉन्टॅक्ट आहे. बोला, जलदेवता की…"

"जय!"

खाली झांजा सुरू व्हायच्या. महाराज गाल फुगवून शंख फुंकायचे. पोतनिसांचा नळ आधी खोकायचा, मग थुंकायचा, आणि मग त्यातून भसाभसा पाणी पडायचं. बायका डोळे पुसायच्या. वर्षभर तळमजल्याच्या नळावरून बादल्या वाहून त्यांचे खांदे निखळायला आले होते. १९८२ सालची वाशी. रस्ते ऐसपैस, झाडं काडीएवढी, आणि पाण्याचा दाब इतका अशक्त की दुसऱ्या मजल्यापर्यंतही ते पोचत नसे.

तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर स्मिता कारखानीस यांनाही पाणी मिळू लागलं होतं. पहिले काही दिवस त्यांनी ते मुकाट्याने भरलं. खोटं कशाला बोला, अंघोळ कोणाला नको असते? पण शंख वाजला की आपल्या घरातली ट्यूबलाइट मलूल होते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी महाराजांना विचारलं.

"देव येताना दिवा मान लववतो, डॉक्टर," महाराज म्हणाले.

"आमचा मिक्सर लावला तरी लववतो," स्मिता म्हणाली. लोकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने देवळात चप्पल घातली होती.

सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर पोतनीस यांनीच महाराजांना आणलं होतं. जमिनीखालची टाकी आणि पंप बसवायला जमवलेला फंड आता महाराजांच्या आश्रमाला द्यायचा, असं त्यांनी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. "टाकी कशाला, डॉक्टर? टेन्शनच नाय. शंख वाजला, काम झालं!"

तळमजल्यावरचा रिकामा गाळा महाराजांनी ध्यानाला मागून घेतला होता. आत त्यांचा शिष्य भगवान मौन धरून बसे आणि झांजा वाजवी. दाराला आतून कडी. दार उघडलं तर वरुणराजा कोपेल, अशी पाटी बाहेर.

वरुणराजा दार न उघडताच कोपला. सोसायटीत कावीळ शिरली. आधी दुसऱ्या मजल्यावरचे सुभाष आजोबा, मग दोन मुलं, आणि मग खुद्द पोतनिसांची बायको सुचित्रा. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, अन्न पोटात ठरेना. महाराजांनी तिच्या दंडाला काळा गंडा बांधला आणि तेच पाणी तीर्थ म्हणून पाजलं. त्याला वास येत होता. "पाताळातून येतंय," महाराज म्हणाले, "थोडा वास असणारच."

स्मिताने सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं. पोतनीस म्हणाले, "तीर्थ उकळायचं?"

त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या वेणूबाई स्मिताच्या दवाखान्यात आल्या. त्या जवळच्याच दिवाळे गावच्या. मुलाला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून त्याच्याकडे राहायला आलेल्या. "डाक्टरीन बाय, माजे नलाला भूत लागलाय. वरती संक वाजला का नल पानी देत नाय. हात लावला तं हातच आत वरतो!"

स्मिता हसता हसता थांबली. "कधी? शंख वाजतो तेव्हाच?"

"तवाच. बाकी टायमाला बिचारा गप हाय."

नळ हात ओढतो, दिवे मंदावतात, आणि झांजा इतक्या जोरात वाजतात, की त्यांच्याखाली दुसरा कुठलाही आवाज झाकला जावा. स्मिताला ते एकदम दिसलं. तिला हसू आलं नाही, संताप आला. चौथ्या मजल्यावर एक बाई ते पाणी पिऊन अंथरुणाला खिळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना गच्च भरला असताना स्मिता आणि वेणूबाई खाली मीटरच्या फळीपाशी उभ्या राहिल्या. वरून जयजयकार झाला, झांजा सुरू झाल्या, शंख फुंकला गेला. स्मिताने गाळ्याचा फ्यूज उपटला.

शंख वाजला. थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा तो म्हशीसारखा रेकला. वर कुजबुज सुरू झाली. "अश्रद्ध माणूस आहे कुणीतरी इथे!" महाराज धापा टाकत ओरडले, आणि पुन्हा फुंकू लागले.

एवढ्यात गाळ्याचं दार धाडकन उघडलं, आणि मौनी भगवान बोंबलला, "महाराज, फुंकू नका! लाइट गेली!"

सगळा जिना कठड्यावरून खाली वाकला. मग कोणीतरी फिस्सकन हसलं. वेणूबाईंनी दारात पाय रोवला. आत ना मूर्ती, ना आसन. वर जाणाऱ्या नळाला जोडलेला एक पंप तेवढा होता. लोकांच्या गर्दीतून पोतनीस खाली आले. स्मिताने फ्यूज परत बसवला. पंप घुरघुरला. तिने पोतनिसांना वेणूबाईंच्या घरात नेलं आणि त्यांचा हात धरून नळाच्या तोंडावर ठेवला. नळाने तळहात गच्च ओढला.

"हा पंप सरकारी लाइनीतून पाणी ओढतो," ती म्हणाली. "लाइनीत पाणी कमी पडलं, की जे मिळेल ते ओढतो. आपला पाइप फाटकापाशी गटारातून जातो. चला, दाखवते."

गंजलेल्या पाइपाला बोट जाईल एवढं भोक होतं. वर काळं पाणी साचलेलं. पोतनीस गटाराच्या कडेलाच बसले.

"म्हणजे सुचित्राला मी हे…"

"तुम्हाला माहीत नव्हतं," स्मिता म्हणाली. "पण कडी लावलेल्या दारामागे काय आहे, हे आपण कोणीच विचारलं नाही. मी पण पाणी भरलंच की."

तोवर महाराज सगळ्यांच्या मागून हळूच निघाले होते. दाढी त्यांना आवरत होती, पोट आवरत नव्हतं. बायकांनी त्यांना बादल्यांनिशी फाटकाशी अडवलं आणि पोलीस येईपर्यंत तेच तीर्थ प्यायचा आग्रह केला. महाराजांनी एक घोटही घेतला नाही.

पाइप बदलला. फंडातून जमिनीखाली टाकी बांधली. सरकारी पाणी आपल्या दाबाने जसं येईल तसं टाकीत पडू लागलं. पंप लाइनीतून नाही, टाकीतून पाणी उचलून गच्चीवरच्या टाकीत टाकू लागला, आणि तिथून ते आपल्या वजनाने घरोघरी उतरू लागलं. पंप सुरू करायच्या दिवशी पोतनिसांनी त्याला हार घातला, नारळ फोडला. स्मिताने खोबरं खाल्लं.

"पूजा करा, माझी ना नाही," ती म्हणाली. "फक्त हे चालतं कसं, ते आधी सांगा."

पोतनीस गडबडले. तेव्हा अजून अशक्त असलेली सुचित्रा खुर्चीवरून उठली आणि टाकीपासून गच्चीपर्यंतचा पाण्याचा सगळा रस्ता तिने बोटाने दाखवत सांगितला. कुठे चुकली नाही.

"आता कोणी वेगळं काही सांगायला आलं," ती म्हणाली, "तर त्याला म्हणायचं, आधी दार उघडून दाखव. नाही दाखवलं, तर पाणी उकळा आणि त्याला हाकला."