जाळीच्या आतलं गलगल

मी चाक बोलतोय. व्हीलचेअरचं डावं चाक. उजवं सोबत आहे, पण ते मुखदुर्बळ, तेव्हा माझंच ऐकून घ्या.

जन्म फरीदाबादच्या कारखान्यातला. वाटलं होतं, रस्ते बघू, बाजार बघू. कसलं काय! सुटे भाग खोक्यात भरून दिल्लीत तीन मजले चढवले आणि झिराडकरांच्या हॉलमध्ये खुर्ची जोडली. झिराडकर म्हणजे मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. मुलगा निसीम इंजिनियर. त्यानं बाथरूमचं दार मोजलं, बेडरूमचं मोजलं. बाहेरचं लोखंडी जाळीचं दार मात्र राहिलं. तिथे आम्ही दोन बोटं अडतो, आणि खुर्ची घडीची नाही. इंजिनियर म्हणे!

दोन वर्षं झाली. बेडरूम ते बाल्कनी, बाल्कनी ते बेडरूम. जीव गुदमरतो हो.

माझ्यावर बसणारे एलिजा आजोबाही कोंडलेलेच. शाबुओथच्या सणाला सिनेगॉगमध्ये, यहेज्केल संदेष्ट्याला आकाशात चाकं दिसली तो अध्याय चाळीस वर्षं त्यांनीच वाचला. आता दोन वर्षं खंड. उचलून नेतो म्हटलं की भडकायचे, "मी काय भाताचं पोतं आहे?"

यंदा सणाच्या आदल्या दिवशी नात याएलनं विचारलं, "आजोबा, हिब्रूत व्हीलला काय म्हणतात?"

"दोन शब्द आहेत. एक ओफान. तो कुठून आला, यावर पंडितांचं एकमत नाही. दुसरा गलगल. गलाल म्हणजे घरंगळवणं, त्यातून आलेला. वाऱ्यावर गोल गोल जाणाऱ्या वाळक्या गवतालाही गलगलच म्हणतात."

"घरंगळवणं मतलब?"

दिल्लीत वाढलेली पोर! आजोबांनी टेबलावरचं लिंबू जमिनीवर सोडलं. ते निघालं ते हॉलमधून, जाळीखालच्या फटीतून थेट जिन्यात. मला असा हेवा वाटला म्हणून सांगू!

याएल धापा टाकत परतली. "आजोबा, पार्किंगपर्यंत पोचलं होतं!"

आजोबांनी लिंबू हातात घेतलं. "हेसुद्धा खाली जाऊन आलं!" मग म्हणाले, "निसीम, उद्या उचला मला. पोतं तर पोतं."

सकाळी निसीम आणि शेजारचे दोन सरदारजी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घेऊन जिना उतरले. "आराम से, अंकलजी!" मी जाळीपाशी उभा. चाकांचा अध्याय वाचायला माणूस निघाला आणि चाक घरात! रडूच आलं मला, खोटं कशाला बोलू?

दुपारी परत आले, माझ्यावर बसले, माझ्या कडेवर हात ठेवला. "वाचलं रे. 'आत्मा जिकडे जाई तिकडे चाकंही जात.' तिथे तुझी आठवण आली आणि जीभ अडखळली. निसीम, पुढच्या वेळी हा माझ्यासोबत येणार. खोल ही चाकं, खाली नेऊन जोड."

"रविवारी पाना आणतो, बाबा."

तीन रविवार गेले. चार नटांचं काम आहे हो. तुमच्या घरी पाना असेल तर घेऊन या ना. मी काय, लोखंड आहे, थांबेन. आजोबा पंच्याऐंशीचे आहेत.