काचेतला उंचवटा

आपल्याकडे मुलीनं जातीबाहेर लग्न ठरवलं की घरात आधी निकाल लागतो. चौकशी नंतर सवडीनं होते, बहुतेकदा होतच नाही. केळव्याच्या कृष्णकांतांनी तेच केलं. त्यांच्या लेकीनं, मेघालीनं, मासवणच्या अंकुशचं नाव घेतलं, तो शाळेत विज्ञान शिकवतो एवढं सांगितलं, आणि हे उभ्या उभ्या बोलून गेले, की आदिवासी वारल्याच्या घरात जायचं असेल तर या घरात परत येऊ नकोस. ती गेली. त्याला चार वर्षं झाली.

बायको आधीच वारलेली. मागे उरली सुपारीची वाडी आणि पडवीतली सहा इंच रुंदीची काच. कृष्णकांत तारापूरच्या कारखान्यातले निवृत्त फिटर. दुर्बीण घरीच बनवायची असं बापलेकीनं ठरवलं होतं, शनीची कडी दोघांनी मिळून पाहायची होती. दुर्बिणीचा जीव तिच्या आरशात असतो. पिंपावर एक काच बसवायची, वर खरखरीत पूड आणि पाणी टाकायचं, त्यावर दुसरी काच ठेवून पुढे-मागे घासत पिंपाभोवती फिरायचं. वरची काच हळूहळू खोलगट होते. मग राळेच्या थरावर पॉलिश. आता ते एकटेच फिरत. बोलायला कोणी नाही म्हणून फेऱ्या मोजत, आकडा चुकला की पुन्हा एकपासून.

पण आरसा काही साधेना. पॉलिश झालं की ते खिडक्या लावून अंधार करत, छोट्या दिव्याचा उजेड आरशावर सोडत आणि परतणाऱ्या किरणांच्या वाटेत ब्लेडची धार धरत. अशानं काचेतली बारीकशी चूकही सावली होऊन दिसते. दर वेळी मधोमध उंचवटा दिसे. ते तो घासून काढत. पुन्हा तपासलं की पुन्हा उंचवटा.

एका दुपारी सफाळ्याहून त्यांची थोरली बहीण सुलू आली. भावाची धावपळ बघून म्हणाली, "एवढी घाई कशाला? मेघाली तर आरसा तुज्या हातातून काढून फडताळात ठेवायची. तासभर हात लावू द्यायची नाय."

कृष्णकांत थबकले. हाताच्या उबेनं काच फुगते, हे मेघालीनंच कुठेसं वाचून सांगितलं होतं. त्यांनी आरसा ठेवून दिला. तासाभरानं तपासला. उंचवटा नव्हता, त्या जागी खड्डा होता! चूक काचेत नव्हतीच, ती त्यांच्या तळहाताच्या उबेची होती. नसलेली चूक घासून घासून त्यांनी खरी चूक करून ठेवली होती.

त्यांनी ते सुलूला सांगितलं.

"काचेला आज तासभर दिलास," ती म्हणाली. "त्या पोराला किती दिलास? त्याचं तोंड तरी बघितलंस काय? जात ऐकलीस नि निकाल दिलास."

त्यांनी अंकुशला कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टॉवेलात आरसा गुंडाळून मासवणला गेले. दार अंकुशनं उघडलं.

"मी मेघालीचा बाप," ते म्हणाले. "आरशात खड्डा पडलाय. माज्याच हातानं."

अंकुशनं आरसा फक्त कडेला धरून घेतला आणि जपून कपाटात ठेवला.

"भरून निघंल, बाबा. मधली काच परत येत नाय, पण कडेनं घासत मधल्याशी जुळवत जायचं. वेळ लागंल," तो म्हणाला. "आदी च्या घ्या. तासभर त्याला हात लावायचा नाय, असं मेघाली सांगते."

मेघाली आतल्या दारात येऊन उभी होती. कृष्णकांतांना तिच्याकडे बघवेना, आणि नजर काढवेनाही.

वाचकहो, जातीचा उंचवटा समोरच्या माणसात नसतो. तो आपल्याच हातून आलेला असतो, आणि तो काढायला जावं तर खड्डा आपल्याच घरात पडतो. माणसाला जोखण्याआधी जरा थांबावं, निदान त्याचं तोंड तरी बघावं.

आरसा पुरा व्हायला आणखी पाच महिने लागले. शनीची कडी पाहायला तिघांना पाळी लावावी लागली, आणि पहिली पाळी कृष्णकांतांनी अंकुशला दिली.