मूस ओढ्याचं वळण

“दोन्ही दिवे एकदम जातात, बाई? की एक आधी, दुसरा मागून?”

व्हर्ना डालग्रेन गाडीच्या डिकीतून नवऱ्याची लोकरी शाल काढत होत्या. शेजारीण त्यांना गॅरेजच्या दाराशी सोडून पोस्टात गेली होती. मनगटाचं प्लास्टर परवाच निघालेलं, म्हणून शाल एका हाताने ओढणं चाललं होतं. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि ओरेस्टकडे पाहत म्हणाल्या, “एकदम. कोणी फुंकर मारावी तसे. तुला आज विचारावंसं वाटलं?”

ओरेस्ट पिडलुब्नीने पान्हा फडक्याने पुसायला घेतला. हा प्रश्न सप्टेंबरातच विचारायचा होता, हे त्यालाही कळत होतं.

नॉरविक गावात गाड्यांची वायरिंग बघणारा तो एकटाच. एकसष्ट वर्षांचा, त्यातली चाळीस या शेडमध्ये गेलेली. ट्रॅक्टर, शाळेच्या बसगाड्या, धान्याचे ट्रक, सगळं त्याच्या हाताखालून जाई. व्हर्नाबाई त्याच्या चौथीच्या बाई. गावातल्या निम्म्या लोकांच्या त्या बाईच होत्या, आणि शहात्तराव्या वर्षीही रस्त्यात कोणाची टोपी वाकडी दिसली तर बोलून दाखवत.

त्यांचा नवरा आयनार तीन वर्षांपासून टेनफोल्डच्या शुश्रूषागृहात होता. टेनफोल्ड अडतीस किलोमीटरवर. आयनारला माणसं ओळखू येत नव्हती, बोलणं तर केव्हाच थांबलं होतं. पण संध्याकाळचं जेवण तो बायकोच्या हातून जेवायचा. दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायचा. म्हणून बाई रोज दुपारी निघत, साडेचारला त्याला भरवत, तो झोपेपर्यंत बसत आणि परतत. उन्हाळ्यात सोपं होतं. दिवस लहान झाला तशी परतीची वाट अंधारात यायला लागली, आणि मूस ओढ्याच्या वळणावर गाडीचे दिवे जायला लागले.

सप्टेंबरात त्या गाडी घेऊन आल्या तेव्हा ओरेस्टने दिवे लावून पाहिले. लागले. त्याने बल्ब बदलले, फ्यूज पाहिला, बॉनेटवर दोन थापा मारल्या. ऑक्टोबरात त्या पुन्हा आल्या. पुन्हा दिवे लागले, पाच मिनिटं छान जळले. त्या म्हणाल्या, वळणावरच जातात, दरवेळी तिथेच. ओरेस्टने मान डोलावली आणि संध्याकाळी त्यांच्या मुलाला, कर्टिसला, फोन करून सांगितलं की गाडीत काही नाही, आईचे डोळे तपासून घे. एकाच ठिकाणी जाणारे दिवे त्याने जन्मात पाहिले नव्हते. तिथे वाळुंजाच्या झाडांची दाटी आहे, सावल्या पडतात, म्हाताऱ्या माणसाला भास होत असेल, असंही तो म्हणाला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच वळणावर गाडी चरात गेली. मनगट मोडलं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने बाईंना बाहेर काढलं तेव्हा गाडीचे दिवे लख्ख चालू होते, आणि ही गोष्ट त्याने गावभर सांगितली. त्यानंतर बाईंनी दिव्यांचं नाव काढणंच सोडलं. कर्टिस त्यांना आठवड्यातून दोनदा सकाळी टेनफोल्डला न्यायचा, संध्याकाळच्या जेवणाला त्या नसायच्या. धान्य खरेदीच्या कामातून त्याला तेवढंच जमत होतं. येत्या सोमवारी लायसन्स परत करायचं ठरलं होतं. गाडीचं चेपलेलं मडगार्ड नीट करून ती विकायची होती, म्हणून ती आज ओरेस्टकडे होती.

“दोन बल्ब एकाच क्षणी मरत नाहीत, बाई,” ओरेस्ट म्हणाला. “म्हणजे खोट दोघांच्या मागे कुठेतरी आहे. समोरचे वेगाचे काटे दिसत होते? मागचे दिवे?”

“काटे दिसत होते. मागचं मी कसं बघणार?”

“टेनफोल्डहून निघाल्यावर किती वेळाने?”

“वेळ कोण बघतं? ओढ्याच्या वळणावर.”

ओरेस्ट हातातला पान्हा पुसत उभा राहिला. टेनफोल्डपासून ओढा तीसेक किलोमीटर. बाई सत्तरच्या वर गाडी नेत नाहीत, बर्फात तर नाहीच. म्हणजे पंचवीस मिनिटं, रोज तेवढीच. बाई रोज एकाच जागेवरून, एकाच वेगाने निघत होत्या, म्हणून दिवे रोज एकाच जागी जात होते. वळणाचा काही संबंधच नव्हता. आणि त्याने दोन्ही वेळा पाच मिनिटांत दिवे बंद केले होते.

त्याने धुराचा पाइप भिंतीबाहेर सोडून इंजिन सुरू केलं, डिपर म्हणजे जवळचा उजेड लावला, बाईंना विचारून हीटर त्या लावायच्या तेवढाच लावला. समोरच्या भिंतीवर उजेडाचे दोन चौकोन पडले. त्याने बाईंसाठी खुर्ची आणली, थर्मासमधला चहा दिला.

“तुझी कामं पडून राहिली असतील,” त्या म्हणाल्या.

“असू देत.”

“चौथीतही तू उत्तर आधी ठरवायचास आणि गणित मागून मांडायचास.”

दहा मिनिटं झाली. शेजारीण येऊन डोकावली. बाईंनी तिला थांबायला सांगितलं. पंधरा झाली. ओरेस्टने कर्टिसला केलेल्या फोनबद्दल सांगितलं. बाई म्हणाल्या, मला माहीत आहे. त्याने त्याच दिवशी मला सांगितलं, तो लपवत नाही. वीस मिनिटं झाली तशी ओरेस्टला भीती वाटू लागली की दिवे जाणारच नाहीत, आणि हे तिसऱ्यांदा बाईंच्या तोंडावर घडेल.

चोविसाव्या मिनिटाला भिंत काळी झाली.

“दिसलं?” बाईंनी विचारलं.

“दिसलं, बाई.”

त्याने आत वाकून अप्पर, लांबचा उजेड, लावला. भिंत पुन्हा उजळली. डिपरवर आणला, काळोख. मग त्याने स्टिअरिंगखालचं झाकण उघडून आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. दिव्यांच्या बटनात बसणारा प्लग भाजेल इतका तापला होता. बटनातला डिपरचा एक पाय सैल होऊन काळा पडला होता. भोवतीचं प्लास्टिक करपून वितळलं होतं. वीज वाहून वाहून तो सांधा तापायचा, फाकायचा आणि दिवे सुटायचे. पाच-सात मिनिटांत निवला की पुन्हा चिकटायचा. म्हणून ट्रकवाल्याला दिवे चालू दिसले.

त्याने प्लग निवू दिला, मग काढून बाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला. ओरेस्टला वाटलं, आता त्या रागावतील. त्या म्हणाल्या, “मी डॉक्टरला सांगून आले होते की मला भास होत असतील. सगळे म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं.”

“माझं चुकलं, बाई.”

“हो,” त्या म्हणाल्या आणि प्लग परत दिला.

ओरेस्टने त्यांच्या देखत कर्टिसला फोन लावला. काय सापडलं ते सांगितलं, आणि सप्टेंबरात आपण काय केलं नाही तेही सांगितलं. मग कर्टिस म्हणाला, “म्हणजे पाच आठवडे मी तिला उगाच...” आणि तिथेच थांबला. त्याने विचारलं, दिवे आता परत जाणार नाहीत ना? ओरेस्ट म्हणाला, आधी मी स्वतः बाईंबरोबर जाऊन येतो, मग तू ठरव. सोमवारचं पुढे ढकलायला कर्टिस तयार झाला.

नवं बटन रेजाइना शहराहून यायला दोन दिवस गेले. ओरेस्टने करपलेल्या वायरी मागेपर्यंत कापल्या, नव्या डाग देऊन जोडल्या, आणि दिव्यांचा सगळा भार बटनावर येऊ नये म्हणून मध्ये रिले बसवला. भिंतीसमोर गाडी तासभर उभी ठेवली. प्लगला हात लावला तर तो जेमतेम कोमट.

शुक्रवारी दुपारी तो बाईंच्या अंगणात आपला ट्रक लावून त्यांच्या शेजारी बसला. गाडी बाईंनीच चालवली. वाटेत त्यांनी आयनारच्या गोष्टी सांगितल्या. तो कसा उकडलेल्या बटाट्यावर शेपूची पानं घातल्याशिवाय जेवत नसे, आणि एकदा गोठ्यातल्या वासराला शिट्टीवर यायला शिकवण्यात त्याने सगळा हिवाळा कसा घालवला. शेपूची पानं आज त्यांनी डब्यातून आणली होती.

शुश्रूषागृहात पोचायला थोडा उशीर झाला. आयनारसमोर ताट आलेलं होतं. मॅरिसेल नावाची फिलिपिनो परिचारिका शेजारी बसून त्याला भरवत होती, आणि तो जेवत होता.

बाई दारातच थांबल्या.

मॅरिसेल उठली. संकोचून म्हणाली, “तुम्ही नसायचात तेव्हा मग... पहिले काही दिवस काहीच घेईनात. वजन उतरलं. मग हळूहळू घ्यायला लागले.” तिने चमचा बाईंच्या हातात दिला.

बाईंनी बटाट्यावर पानं पसरली, घास पुढे केला. आयनारने ओठ मिटले. त्या थोडं थांबल्या, त्याचं नाव घेतलं, पुन्हा घास नेला. त्याने मान वळवली आणि डोळ्यांनी मॅरिसेलला शोधलं.

ओरेस्ट कॉरिडॉरमध्ये उभा होता. तिथून निघून जावं असं त्याला वाटलं, पण तो थांबला.

बाईंनी चमचा मॅरिसेलला परत दिला. “तूच भरव. निवायला लागलंय,” त्या म्हणाल्या. खुर्ची ओढून पलीकडच्या बाजूला बसल्या, आणि जेवण संपेपर्यंत त्याचा हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. हात त्याने काढून घेतला नाही.

परतताना अंधार पडला होता. ओरेस्टचं लक्ष घड्याळावर होतं. वीस मिनिटं. चोवीस. वाळुंजांची बर्फाने वाकलेली झाडं उजेडात आली, वळणाबरोबर फिरली आणि मागे गेली. दिवे तसेच होते. बाईंना काहीतरी सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण त्या त्याच्या आधी बोलल्या.

“मॅरिसेलला रविवारी सुट्टी असते म्हणाली. रविवारी तो काय करतो, विचारायला हवं होतं.”

“उद्या विचारा, बाई.”

“उद्या विचारते.”

अंगणात पोचल्यावर ओरेस्ट उतरला. ट्रकपर्यंतच्या वाटेवर बर्फ गोठून काच झालं होतं. तो घसरत, हात पसरून चालू लागला. मागे गाडीचं दार वाजलं नाही, इंजिनही थांबलं नाही. तो ट्रकशी पोचून आत बसेपर्यंत बाईंनी दिवे त्याच्या पायांपुढे लावून धरले होते.