परिस्थिती नॉर्मल झाली की

ओवीच्या शाळेत मुलांनी १९३२ सालच्या शांघायच्या वाटाघाटी बसवल्या होत्या. जपानी फौजा चीनमध्ये घुसलेल्या, त्या मागे कधी घ्यायच्या यावर वाद. आमची ओवी चीनची प्रतिनिधी. जपान झालेला मुलगा गोड हसून म्हणाला, परिस्थिती नॉर्मल झाली की आम्ही जाऊ. ओवीने टेबलावर हात आपटला. "गिव्ह अस अ डेट! नो डेट, नो सिग्नेचर!"

सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या नवऱ्याने वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण त्याच सकाळी चारुदत्तने मला सुनावलं होतं, की मी आणि ओवीने पुण्याला जायचं. २००९ सालची मंदी. दुबईतल्या क्रेन थांबलेल्या, त्याच्या ऑफिसातल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. आमचा फ्लॅट सोडून तो बेडस्पेस, म्हणजे कुणाच्या तरी खोलीत नुसती एक खाट, भाड्याने घेणार, आमचे व्हिसा कॅन्सल. तिकिटं काढूनही झाली होती, फक्त जाण्याची. मला कशाला विचारायचं? मी काय, फर्निचर! परत कधी, असं विचारलं तर म्हणाला, "मार्केट नॉर्मल झालं की बोलावतो ना."

शाळेतून परत येताना अल नहदाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली. चारुदत्त खुशीत होता.

"पण ओवी, खरं काय झालं? पक्की तारीख न ठरताच सही झाली ना? आणि जपानी गेलेच ना?"

"दे लेफ्ट, बाबा," ओवी मागून म्हणाली. "फाइव्ह इयर्स लेटर दे केम बॅक. विथ अ बिगर आर्मी."

त्याने रेडिओ लावला. मग हळूच मला म्हणाला, "उद्या पासपोर्ट दे. टायपिंग सेंटरला जायचंय, व्हिसा कॅन्सलचे फॉर्म करून घ्यायला. तुझी सही लागेल."

"नाही देणार. आधी तारीख सांग."

"विभा, ओवीसमोर नको. मी काय तुझा शत्रू आहे?"

"शत्रूसुद्धा समोर बसून बोलतो! तू न विचारता तिकिटं काढलीस."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. चारुदत्तने गाडी थोडी पुढे घेतली.

"मला नाही माहीत तारीख," तो म्हणाला. "मलाच कुणी काही सांगत नाही. पुढच्या महिन्यात माझीही नोकरी खलास असेल."

"मग हे सकाळी का नाही बोललास? माहीत नाही म्हणायला जीभ झडते का तुझी?" मी ओरडलेच. पर्स मांडीवर घट्ट धरली. पासपोर्ट त्यातच होते. "राहायचं तर तिघांनी. जायचं तर तिघांनी. तिघांची मिळून तारीख सांग, मी लगेच सही करते."