सासरच्या पत्त्यावरचं कॉलेज

आगाशीच्या राऊतांच्या वाडीत सकाळपासून सुकेळ्यांचं काम चाललं होतं. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात मांडायची, ऊन कललं की झाकायची. रुचिता लहानपणापासून हे करत आली होती, आणि त्यातूनच तिला फळं वाळवण्याचं शास्त्र शिकावंसं वाटलं. नेदरलँड्समधल्या एका कॉलेजने तिला प्रवेशही दिला होता. होकार कळवायला आजचाच दिवस होता.

घरात मात्र कॉलेज ठरलं होतं ते कॅनडातलं, स्वरूपच्या घराजवळचं. स्वरूप म्हणजे तिच्यासाठी पाहिलेला मुलगा. पोरीला परदेशी एकटी पाठवायची नाही, आधी साखरपुडा, मग तिकीट, आणि कॉलेज सासरचे सांगतील ते, अशी नवी रीत आपल्या शिकल्यासवरल्या घरांनीच पाडली आहे. वर पोरीला परदेशी शिकवतो म्हणून मिरवायला मोकळे!

दुपारी स्वरूपची आई सुनंदाबाई घरच्या चार माणसांना घेऊन साखरपुड्याचं बोलायला आल्या.

"कॉलेज आम्ही बघून ठेवलंय हो. घरापासून चालत जाता येतं. दुपारी परत येऊन स्वरूपचं जेवणखाणही बघेल."

"तिथे शिकवतात काय?" रुचिताने विचारलं.

"मॅनेजमेंट की कायसं. शिकणाऱ्याला कुठलंही कॉलेज सारखंच गं, बाळा."

रुचिताचे वडील, हरिश्चंद्र, हसून मान डोलवत होते. केळीचा कोंब लावायचा तर जमीन, ऊन, पाण्याचा निचरा दहादा बघणारा हा माणूस. पोरीसाठी त्याने फक्त पत्ता बघितला. आई प्रेमला चहा गाळत राहिली. घर माणसांनी भरलं होतं आणि रुचिताला त्यात फार एकटं वाटलं.

ती आतल्या खोलीत गेली आणि तिने स्वप्नाला फोन लावला. ही तिची चुलत बहीण. दोन वर्षांपूर्वी अशीच नवऱ्याच्या गावातलं कॉलेज धरून कॅनडाला गेलेली. घरात उठता-बसता तिचंच उदाहरण दिलं जाई.

तिकडे नुकतं उजाडलं होतं. स्वप्ना डब्यासाठी कणीक मळत होती.

"हळू बोल, सगळे झोपलेत. सुकेळी घातलीत का गं यंदा?"

"ताई, खरं सांग. कॉलेज कसंय?"

स्वप्नाचे हात थांबले. "पहिली परीक्षा दिली. मग सासूबाई राहायला आल्या, मग राहूनच गेलं. सगळे कामावर गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि फ्रिजचा आवाज. कधी कधी मुद्दाम मोठ्याने बोलते, आपला आवाज ऐकायला."

"घरी का नाही बोललीस?"

"काका किती कौतुकाने सांगतात सगळ्यांना. कसं बोलू?" तिने पिठाचे हात पुसले. मग म्हणाली, "फोन बाहेर ने. आता मीच सांगते त्यांना."

हरिश्चंद्रने फोन कानाला लावला, "बोल गं, स्वप्ना," म्हणाला, आणि नंतर नुसताच ऐकत राहिला. त्याचा चेहरा उतरला.

रुचिता सुनंदाबाईंपुढे उभी राहिली. "काकू, स्वरूपवर माझा राग नाही. पण हा साखरपुडा होणार नाही. माझं कॉलेज मी निवडलंय."

पाहुणे चहा तसाच टाकून गेले. नातेवाइकांना काय तोंड दाखवायचं, म्हणून प्रेमला डोळ्यांना पदर लावून बसली.

ओट्यावर बसून रुचिताने होकार पाठवून दिला. अभिनंदन करायला जवळ कोणी नव्हतं. ऊन कललं तशी ती एकटीच सुकेळी झाकू लागली. हरिश्चंद्र मागे येऊन उभा राहिला.

"तिथे आपलं कोण आहे गं पोरी?"

"कोणी नाही, बाबा," ती म्हणाली. "स्वप्नाताईचं तरी तिथे कोण आहे?"



वाचकहो, तुमच्या घरचीही एखादी स्वप्ना फोनवर "बरं चाललंय" म्हणत असेल. तिला एकदा विचारा, आज वर्गात काय शिकवलं. आणि ती गप्प राहिली, तर फोन ठेवू नका.