सवतीचा एसी

डॅशबोर्डखाली उताणं पडून, पाय दाराबाहेर सोडून, थंडोबा मघापासून एकाच नटाच्या मागे लागला होता आणि नट त्याला काही दाद देत नव्हता. बोट पोचायचं तिथे नजर पोचत नव्हती, नजर पोचायची तिथे पाना शिरत नव्हता. साठीला टेकलेल्या माणसाने असल्या सांदीत शिरू नये हे त्याला कळत होतं, आणि त्याच्या कमरेला तर फारच कळत होतं. त्याने पाना छातीवर ठेवला आणि डोळे मिटून जरा वेळ नुसता पडून राहिला.

गाड्यांना एसी बसवायचा धंदा, त्यात बोलणं सावकाश, चालणं सावकाश. असल्या माणसाला बाजार थंडोबा नाही म्हणणार तर काय म्हणणार? त्यानेही ते कधी मनावर घेतलं नाही. हल्ली मात्र तो खरोखरच दमला होता. रात्रभर झोपून उठलं तरी अंग आंबलेलंच असायचं, आणि दुकानाचं शटर वर ढकलताना रोज वाटायचं की आज नको, आज राहू दे.

ही गाडी त्याच्या थोरल्या भावाची, दादाची. दोनच दारं, होडीसारखं लांब नाक आणि आत आठ सिलिंडरचं इंजिन. हौशी मंडळी असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. शेजारीपाजारी काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही, कारण ती सुरू झाली की त्यांच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. दादाने ती ऐन तारुण्यात भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवली होती. कारखान्यात तो लेथवर होता. जो भाग मिळाला नाही तो त्याने स्वतः कातून काढला आणि गाडी उभी केली. वहिनी लग्न होऊन आली आणि तिने पाहिलं की सुट्टीचा अख्खा दिवस आपला नवरा गाडीखाली असतो. पहिल्याच महिन्यात तिने गाडीचं नाव ठेवलं, सवत. ते घरात इतकं रुळलं की पुढे दादाही चारचौघांत म्हणायचा, “आज सवतीचं तेल बदलायचंय.”

वहिनीचं दुखणं या उन्हाळ्यात उलटलं. औषधांचे दोन फेरे तिने आधी सोसले होते. केस गेले, आले, पुन्हा गेले. उन्हाची जरा झळ लागली तरी आता तिचं अंग गळून जायचं. तिसऱ्या फेऱ्यासाठी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं ठरत होतं. गुण येईलच असं तिथले डॉक्टरही म्हणत नव्हते, बघू म्हणत होते. दादाने टॅक्सीचं काढलं, तर ती म्हणाली टॅक्सीत मळमळतं. रेल्वेचं काढलं, तर म्हणाली एवढं बसवणार नाही. दादा तरीही मागे लागला तेव्हा ती म्हणाली, “मी जाईन तर सवतीतूनच जाईन. नाहीतर नाही.”

आता भर उन्हाळ्यात सवत म्हणजे चाकांवरची भट्टी. इंजिनाची धग पायाशी, उन्हाची डोक्यावर. धडधाकट माणूससुद्धा तासाभरात मेटाकुटीला यायचा. दुसरा एखादा नवरा तिथेच गप्प बसला असता. दादा टोपी घालून थेट थंडोबाच्या दुकानात आला.

“तुझी वहिनी यायला तयार आहे, पण सवतीतूनच,” तो म्हणाला. “एसी बसव.”

“दादा, त्या गाडीला?”

“का? तिला काय झालं?”

“तिच्यात जागा कुठंय? आणि पत्रा कापावा लागेल. तू कापू देशील?”

दादाने टोपी काढून हातात घेतली. आजवर त्याने सवतीवर साधा स्टिकर चिकटवू दिला नव्हता. “काप,” तो म्हणाला.  भाऊ किती घाबरलाय हे थंडोबाला त्या एका शब्दावरून कळलं.

मग सुटे भाग इकडून तिकडून जमवून सगळा संसार सुरू झाला. गाडीच्या नाकात, रेडिएटरच्या पुढे, कंडेन्सर बसवला. कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट आला तो भलत्याच इंजिनाच्या मापाचा. दादाने तो बघितला, तुच्छतेने बाजूला ठेवला आणि ओळखीच्या वर्कशॉपात जाऊन जाड प्लेटीचा नवा करून आणला. पट्टा दोन्ही पुल्यांवर सरळ रेषेत पळतोय की नाही हे बघायला दोघे भाऊ स्टीलची पट्टी लावून, एक डोळा मिटून, इंजिनावर ओणवे व्हायचे. इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्याला भोक पाडायची वेळ आली तेव्हा थंडोबाने ड्रिल दादाकडे दिलं. दादाने ते परत त्याच्या हातात दिलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. पत्र्याचा किस खाली पडला तो त्याने नंतर हाताने गोळा केला.

हे दोघे भाऊ एरवी एकमेकांशी काय बोलायचे, तर चौदाचा पाना दे, सतराचा दे. वहिनीबद्दल ते चकार शब्द बोलत नव्हते. तिचं जे काही व्हायचं होतं ते जणू त्या पाइपांतून आणि नटांतूनच होणार होतं. थंडोबालाही तसंच वाटायला लागलं होतं. गाडी गार झाली की वहिनी जाईल, गेली की बरी होईल. इतका साधा हिशेब त्याने आयुष्यात कधी केला नव्हता.

काम दादाच्या घरच्या गॅरेजात चालायचं आणि वहिनी समोरच्या ओसरीत खुर्ची टाकून बसायची. डोक्याला सुती रुमाल, मांडीवर पंखा. रोज एकदा तरी विचारायची, “भाऊजी, होईल का हो हे खरंच?”

“होईल म्हणजे? होणारच!”

“जुनी गाडी आहे. नाही जमलं तरी वाईट वाटून घेऊ नका.”

“वहिनी, मी हात लावलेला एसी गार झाला नाही असं कधी झालंय का?”

“तेही खरंच,” ती म्हणायची आणि पंखा हलवायला लागायची. थंडोबाला वाटायचं, केवढा धीर धरून बसली आहे बिचारी. आणि तो पुन्हा डॅशबोर्डखाली शिरायचा.

तो नट शेवटी बसला. मग पाइप जोडले, पंपाने आतली सगळी हवा ओढून घेतली आणि थंडोबा गेजसमोर स्टूल टाकून बसला. काटा तसूभर हलला नाही, म्हणजे कुठे गळती नाही. गॅस भरला, इंजिन सुरू केलं, बटण दाबलं. कॉम्प्रेसर टक् करून लागला आणि जरा वेळाने जाळीतून हवा आली, आधी कोमट, मग बरी, मग अशी गार की दादाने हात मागे घेतला. आणि मग हा म्हातारा, गॅरेजात एकटाच असल्यासारखा, हसत सुटला. थंडोबाने त्याला असं हसताना कितीतरी वर्षांनी पाहिलं. 

“सोमवारी दाखल व्हायचंय,” दादा म्हणाला. “आज तिला बसवून एक चक्कर मारू.”

वहिनी पुढे बसली, दादा चालवायला. थंडोबा मागच्या अरुंद सीटवर, गुडघे हनुवटीपाशी, हात लांब करून जाळीत थर्मामीटर धरून. काचा वर होत्या. या गाडीत काचा वर, ही गोष्टच नवी होती. इतकी वर्षं ती वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या गोंगाटात धावली होती आणि आत बसलेल्यांना बोलायची सोयच नव्हती. आता दादाच्या श्वासाचासुद्धा आवाज येत होता.

गावाबाहेर रस्ता रुंद होतो तिथे दादाने गाडी कडेला घेतली. नवं ओझं पडल्यावर जुनं इंजिन तापतं का, ते बघायचं होतं. इंजिन चालूच ठेवून तो उतरला आणि बॉनेट उघडून त्याच्या आड गेला.

“गार आहे ना, वहिनी?” थंडोबाने विचारलं.

“छान आहे.” ती समोर बघत होती. “भाऊजी, हे बिघडत नाही का हो?”

“छे! इतक्यात काय बिघडतंय?”

“बिघडवता येतं का?”

थंडोबाने थर्मामीटर जाळीतून काढून घेतला.

“मला नाही जायचं,” वहिनी म्हणाली. “दोनदा झालं, पुरे झालं. यांच्या तोंडावर नाही म्हणवेना. यांचं तोंड कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून म्हटलं, सवतीतूनच जाईन. उन्हाळाभर तरी विषय मिटेल. तर तुम्ही दोघं लागलात कामाला.” ती किंचित हसली. “रोज वाटायचं, आज कुठेतरी अडेल. पण तुम्ही काही अडू दिलं नाहीत.”

 थंडोबाला ओसरीतला तिचा रोजचा प्रश्न आठवला आणि आपण दिलेली बाणेदार उत्तरं आठवली. त्याला स्वतःची लाज वाटली. बाईने नकार दिला होता आणि दोन शहाण्यांनी त्यावर मोजमाप घेतलं होतं.

“एखादा नट सैल करा,” ती म्हणाली. “यांना काय कळणार? तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे.”

पाना त्याच्या खिशातच होता. एक जोड जरासा सैल सोडला की संध्याकाळपर्यंत गॅस निघून गेला असता. पार्ट खराब निघाला, दुसरा मागवतो, वेळ लागेल, असं सांगितलं असतं आणि दादाने मान हलवली असती. मग दादा रोज येऊन विचारणार, पार्ट आला का? आणि हा रोज सांगणार, नाही. असं किती दिवस? वहिनी जाईपर्यंत? आणि त्यानंतर दादा उरलेलं आयुष्य त्या पार्टाला शिव्या देत काढणार. एवढं खोटं वाहायची ताकद थंडोबाच्या अंगात नव्हती.

त्याने दादाची रिकामी सीट वाकवली आणि कण्हत बाहेर पडला. बाहेरची हवा थोबाडीत मारल्यासारखी लागली.

“रेडिएटर झकास आहे!” दादा ओरडला. “जरासुद्धा तापत नाही!”

“दादा, आत जाऊन बस. वहिनीला तुझ्याशी बोलायचंय.”

“घरी बोलू की. आधी हे—”

“घरी नाही. आत्ता. दार लावून घे, काचा खाली करू नको.”

“आणि इथे कोण बघणार?”

“मी आहे ना.”

दादाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण हातातलं फडकं इंजिनावर तसंच टाकून तो गेला. दार लागल्याचा आवाज आला.

थंडोबा बॉनेटच्या आड उभा राहिला. आतली सगळी उष्णता कंडेन्सर त्याच्या पोटावर फेकत होता. आतलं काही ऐकू येत नव्हतं, आणि यावं अशी त्याची इच्छाही नव्हती. कॉम्प्रेसर लागायचा, सुटायचा, पुन्हा लागायचा. घाम डोळ्यांत उतरला तो त्याने पुसला नाही. आपण भावाचं बरं केलं की वाटोळं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. गाडीत बसून निघून जावं असं त्याला वाटलं, पण गाडी तर हीच होती.

मग कॉम्प्रेसर सुटला तो पुन्हा लागला नाही. पाठोपाठ इंजिनही बंद झालं. रस्ता एकदम मोकळा, शांत झाला. थंडोबाने बॉनेट हळूच खाली घेतलं.

दोन्ही काचा खाली होत्या. दादाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं होतं आणि त्याचे खांदे गदगदत होते. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, लहान मुलाच्या फिरवावा तसा. एवढ्या आजारी बाईच्या हाताला तेवढं बळ कुठून आलं होतं, देव जाणे.

“मला आधी सांगायचंस,” दादा म्हणाला.

“सांगितलं होतं,” वहिनी म्हणाली. “तुम्ही पाने घेऊन आलात.”

थंडोबा दारापाशी उभा राहिला. सीट वाकव म्हणावं, तर दादाला उठवावं लागणार. तो तसाच उन्हात थांबला. बऱ्याच वेळाने दादाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, उतरला, भावाला मागे शिरायला जागा करून दिली आणि पुन्हा बसला. किल्लीला हात लावला, पण फिरवली नाही.

“सोमवारी मग...”

“सोमवारी घरी,” वहिनी म्हणाली.

दादाने मान हलवली. एकदा हलवली, मग पुन्हा एकदा, आपल्याला पटतंय का ते बघितल्यासारखी. मग त्याने गाडी सुरू केली.

“काचा वर घ्या,” वहिनी म्हणाली, “आणि लावा तो तुमचा एसी. उकडतंय मला.”