इंजिनकाका आणि साडेआठची वीज

गावात सगळे त्यांना इंजिनकाका म्हणत. वीज सहकारी संस्थेच्या डिझेल इंजिनाशी त्यांनी एकतीस वर्षं संसार केला, असं त्यांची बायको म्हणायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. संध्याकाळी सहाला ते इंजिन सुरू करत आणि दहाला बंद करून, तेलानं माखून घरी येत. गावाला वीज तेवढे चार तास.

इंजिनाच्या आवाजावरून त्यांना सारं गाव कळायचं. आवाज जड झाला की बाकावर बसल्या बसल्या म्हणायचे, "गिरणी लागली." किंचित अडखळला की, "शिंपीणकाकूंची इस्त्री." आणि एकदा, "सुताराचं मशीन लागलं, म्हणजे ताप उतरला वाटतं त्याचा."

मग शाळेच्या छपरावर सौर पॅनेल बसली. त्यासाठी भांडली कोण, तर काकांचीच पुतणी, संस्थेची सचिव. महिनाभर चालवून बघायचं ठरलं. तोवर इंजिन बंद; काका मात्र सवयीनं रोज दहापर्यंत इंजिनघरातच बसत. वीज दहापर्यंत टिकली तर उत्तम, नाहीतर महिनाअखेरच्या रविवारच्या सभेत पॅनेल परत आणि इंजिन पुन्हा सुरू.

वीज काही टिकेना. आता दिवसाही वीज असे, पण ती कोणी वापरेना; दुपारीच बॅटरी भरून जाई, वरचं ऊन फुकट. आणि सहा वाजले की सगळं गाव जुन्या सवयीनं बटणांवर तुटून पडे. नऊच्या आत अंधार.

"काका, तेलपाणी करून ठेवा," गिरणीवाला डोळे मिचकावत म्हणाला. "रविवारपासून पुन्हा तुमचंच राज्य!"

काकांना आतून गुदगुल्या झाल्या, नाही असं नाही. पण त्याच संध्याकाळी पुतणी इंजिनघराच्या पायरीवर येऊन बसली. तोंड एवढंसं झालेलं.

"काका, मी राजीनामा लिहून ठेवलाय."

लहानपणी ती याच पायरीवर बसून पाढे पाठ करायची, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून. काकांनी एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"फाड तो. आणि कागद-पेन घे. कोण कधी काय लावतं ते सांगतो."

दुसऱ्या दिवशी दोघं घरोघर फिरली. गिरणी बाराला, सुतार दोनला, इस्त्री अकराला.

"अकराला मी जरा आडवी होते हो!" शिंपीणकाकू म्हणाल्या.

"संध्याकाळी व्हा की आडव्या. इतकी वर्षं तुमची इस्त्री ऐकतोय, एवढ्या चुण्या घालतं तरी कोण गावात?"

काकू हसल्या. हसल्या म्हणजे पटलं.

गुरुवारी वीज साडेनवापर्यंत टिकली. शुक्रवारी पावणेदहापर्यंत, पण तिथेच अडली.

"साडेआठला काहीतरी मोठं लागतंय," पुतणी शनिवारी म्हणाली. "मीटरचा आकडा एकदम उडी मारतो."

काकांना इंजिनाचा साडेआठचा सुस्कारा आठवला. रोजचा, ठरलेला. ते त्याला न्हाव्याच्या दुकानातलं गरम पाणी समजत आले होते. पण न्हावी म्हणाला, "मी तर सातला कुलूप लावतो!"

आता काय करावं ते सुचेना. हिरमुसून काका घरी गेले. घड्याळात साडेआठ वाजले होते.

"अगं बाई!" बायको दचकली. "बरं नाही का तुम्हाला?"

तिच्यामागे न्हाणीघरात बादली, आणि बादलीत विजेचा हीटर.

"हे काय?"

"तुमच्या अंघोळीचं पाणी. रोज साडेआठला तापवते आणि झाकून ठेवते. तेल काय गार पाण्यानं निघतं?"

"पण इंजिन बंद होऊन महिना होत आला! आता कुठलं तेल?"

तिनं त्यांच्या स्वच्छ हातांकडे पाहिलं. "मग रोज रात्री अंघोळ का करता?"

"तू पाणी ठेवतेस म्हणून. मला वाटायचं, गॅसवर तापवतेस."

दोघांनाही हसू आवरेना. काकांनी हीटर काढला.

"गावभर उपदेश करत फिरलात, आणि चोर घरात!"

"सगळ्यांच्या घरातलं कळायचं मला, आपल्याच घरातलं नाही. संध्याकाळी मी इथं असायचो कधी?"

"तेच तर मी एकतीस वर्षं म्हणतेय," ती म्हणाली. "बसा. जेवण आयतं गरम आहे, वाढते."

काका परत इंजिनघराकडे गेले नाहीत. पोटभर जेवले आणि खुर्चीतच डोळा लागला. दहा वाजल्यावर पुतणीचा फोन आला.

"काकू! दहा वाजून गेले, दिवे आहेत! काकांना द्या ना!"

बायकोनं दिव्याच्या लख्ख उजेडात, तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"झोपलेत गं," ती हळूच म्हणाली. "आता ओरडू नकोस. सकाळी सभेला पाठवते."